गुरम्माक्का आणि देशोदेशीची पावडर

गुरम्माक्काचा हात मोठा होता. तो मी पहिल्यांदा पाहिला तो मल्लप्पाच्या गालावर.

हुमनाबादजवळच्या त्या कारखान्यात मी तेव्हा पोती भरायच्या शेडमध्ये होते. माझं गाव भंडारा जिल्ह्यात. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याला इथं कंपनीची गाडी चालवायचं काम लागलं आणि त्याच्यामागे मीही आले. कानडी कळत नव्हतं. इथलं मराठीसुद्धा अर्धं कानावरून जायचं. दोन बाया हसल्या की वाटायचं, आपल्यालाच हसतात. जीव सारखा मुठीत.

शेडमध्ये जी पांढरी पावडर यायची ती मैद्याहूनही मऊ. चिमटीत धरली तर बोटांना कळायची नाही, नाकाला मात्र कळायची. रंगात घालतात, उन्हाच्या क्रीममध्ये घालतात, बाहेरच्या देशांत जाते, एवढंच आम्हाला माहीत. संध्याकाळी सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या व्हायच्या आणि आम्ही एकमेकींना म्हाताऱ्या म्हणून चिडवायचो. रात्री खोकायचो.

मल्लप्पा शेडचा सुपरवायझर. रिकामी पोती पुन्हा वापरायची म्हणून तो ती आमच्याकडून जमिनीवर आपटून झटकून घ्यायचा. त्या दिवशी तो स्वतःच आपटून दाखवत होता. इतक्यात दारात एक उंच बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, इरकली लुगडं, त्यावर पांढरा कोट.

"कामून आपटायलास रे?"

"साफ करायलाव, अक्का."

तिनं त्याच्या मुस्काटात दिली. तो सावरायच्या आत त्याच्या हातातलं पोतं ओढून त्याच्या डोक्यावरून खांद्यापर्यंत खाली ओढलं आणि वरून तळहातानं धपाधप मारायला लागली. "घे श्वास! घे की! ह्या बाया दिवसभर घेतेत, तू एकदा घे!" पोत्याच्या आत मल्लप्पा खोकत होता, आंधळ्यासारखे हात फिरवत होता, शेवटी गुडघ्यावर आला. आमच्यातली एक हसली आणि भीतीनं लगेच तिनंच तोंडावर हात धरला.

मग बाईची नजर माझ्यावर आली. मी पदर ओला करून नाकाला बांधला होता.

"तू कुठली?"

"भंडाऱ्याची, जी."

"ओला पदर कुणी सांगितला?"

"मायनं. आमच्याकडं पिठाची गिरणी होती, जी."

"भंडारा, उद्यापासून माझ्याकडं. काच धुवायला."

एवढंच. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. शेवटपर्यंत मी तिची भंडाराच राहिले. पण त्या दिवसापासून माझा खोकला उतरत गेला. तिच्याबद्दल आणखी काही आठवलं नसतं तरी एवढ्यासाठी मी तिचं नाव घेतलं असतं.

मल्लप्पानं मालकाकडे तक्रार केली. मालकानं ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. गिऱ्हाइकं बाहेरच्या देशांतली, त्यांना तपासण्या हव्यात, आणि त्या तपासण्या करणारी कारखान्यात एकच, गुरम्माक्का. ती कलबुर्गीच्या कॉलेजात शिकलेली. दिलं होतं हळ्ळीखेडला. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि राग आला की दखनी उर्दू. तो रोजच यायचा, त्यामुळे दखनी शिव्या मला मराठीच्या आधी कळायला लागल्या.

लॅबमधलं पहिलं काम बाटल्या आणि चंबू धुणं. धुतलेला चंबू ती उजेडाकडे धरायची. कडेला पाण्याचा एक थेंब जरी चिकटून राहिला तरी, "धुतलीस का चाटलीस?" आणि चंबू कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पिंपात. खळ्ळ! पहिल्या आठवड्यात पिंप काचांनी भरत आलं आणि मी रडून अर्धी झाले. एकदा मनगटावर फूटपट्टी बसली, त्याचा वळ दोन दिवस होता. त्याच दुपारी तिनं आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी मोडून अर्धी माझ्यासमोर टाकली, शेंगाची चटणी टाकली. "खा. रडतीस काय? चंबूला लागलं का तुला लागलं?" मी म्हटलं, "मले." "मग चंबूची काळजी नगं. खा."

तिची एक रीत मला फार विचित्र वाटायची. घरून येताना कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. लॅबच्या दारात एक ओलं फडकं टांगलेलं असायचं, त्यानं कपाळ स्वच्छ पुसून मग आत. निघताना पर्समधली छोटी डबी काढून पुन्हा तीन बोटं ओढायची. ती बसवण्णांना मानणारी, लिंग गळ्यात, तरी हे. एका सकाळी उजवा हात सुजवून आली. आदल्या दिवशी घाईत विभूती न लावताच घरी गेली होती. दिरानं कोरडं कपाळ पाहिलं आणि काठी उचलली.

"लई लागलं का, अक्का?" शिवराजनं विचारलं. तो लॅबमधला मशिनवाला. खटकचिंचोळीचा, दोन पोरांचा बाप, देवभोळा.

"हाताला लागलं. पण त्येचा बी एक दात गेलाय," अक्का म्हणाली आणि डाव्या हातानं वजनकाट्यासमोर बसली.

आता ती काय करायची ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. पावडर इतकी बारीक केली की ती पहिल्यासारखी वागत नाही. खडीचे नियम वाळूला लागत नाहीत, वाळूचे धुराला लागत नाहीत. शरीरात गेल्यावर ती काय करते हे एका देशानं एकट्यानं तपासलं तर दुसरा मानत नाही. प्रत्येकाचा हात वेगळा, पाणी वेगळं. म्हणून बऱ्याच देशांच्या लॅबनी मिळून ठरवलं होतं. पावडरीचा एकच ढीग करायचा, नीट ढवळायचा, त्यातून बाटल्या भरून सगळ्यांना वाटायच्या. सगळ्यांनी एकाच रीतीनं, तेवढाच वेळ, तशाच पेशींवर तपासायची आणि मग आकडे शेजारी शेजारी मांडायचे. त्या ढिगासाठी घेतलेली पावडर आमच्याच कारखान्याची होती.

"ह्या बाटलीच्या बहिणी कोरियात हायत, जर्मनीत हायत, ब्राझीलात हायत," अक्का छोटी बाटली उजेडात धरून सांगायची. "एकीला जे झालं ते सगळ्यांना व्हायला पायजे. न्हाई झालं तर कुणाच्या तरी हातात खोट हाय. ती आपल्या हातात निघाली तर तुमचे हात तोडीन, मग माझा."

यात आम्हा शेडच्या बायकांचा जीव अडकला होता. गिऱ्हाइकांनी मालकाला बजावलं होतं. सगळ्या देशांच्या तपासणीत पावडर फुप्फुसाला वाईट ठरली, तर पोती बंद मशिनमध्ये भरायची, नाहीतर माल घेणार नाही. मालकानं मान डोलावली होती. मान डोलवायला पैसे लागत नाहीत. बंद मशिन महाग होतं.

तपासणीत एक सळई होती. पावडर पाण्यात टाकली की गोळे धरते, ते फोडायला ही धातूची सळई पाण्यात बुडवून थरथरवायची. मशिन चालू झालं की डुक्कर धरल्यासारखी किंचाळायची. दात शिवशिवायचे. मग ते पाणी ताटलीतल्या पेशींवर घालायचं. पेशी माणसाच्या फुप्फुसाच्या, उबेच्या कपाटात वाढवलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यात रंग घालायचा. जेवढ्या जिवंत तेवढा रंग गडद. "ह्या ताटलीत तूच हायस, भंडारा," अक्का मला म्हणायची, "आणि शेडमधल्या त्या समद्या."

दसऱ्याला आमच्याकडे अख्ख्या कारखान्यात आयुधपूजा व्हायची. बॉयलरपासून नवऱ्याच्या गाडीपर्यंत सगळ्यांना विभूती, कुंकू, झेंडू, चाकाखाली लिंबू. लॅबच्या आत मात्र अक्काची बंदी. तिनं सगळ्या मशिनांचा फोटो काढून दाराबाहेर लावला होता. "फोटोला करा काय करायची ती पूजा. देवाला फोटो वळखू येतो."

त्या वर्षी दसऱ्याला ती कलबुर्गीला होती, आजारी आईपाशी. दसरा झाल्यावर तपासणीची मोठी फेरी व्हायची होती, सगळ्या देशांत एकाच आठवड्यात. शिवराजच्या मनाला फोटो पटेना. एवढी मोठी परीक्षा, आणि सळई पूजेवाचून? रुसली म्हणजे? मग त्यानं आंघोळ करून, अनवाणी आत जाऊन सळईच्या पकडीवर तीन बोटं विभूती ओढली. हात जोडले. नंतर ओल्या कपड्यानं नीट पुसूनही घेतली. वाईट काही त्याच्या मनात नव्हतंच. मशिनवर त्याचा जीव होता.

फेरी झाली, आकडे गेले. मग एका दुपारी कॉम्प्युटरवर सगळ्या देशांची बैठक भरली. अक्का मधे, आम्ही दोघं मागे. सगळ्यांच्या आकड्यांची रांग जवळजवळ होती. पावडर पेशींना मारते, पण बेतानं. आमचा आकडा एकटाच दूर. आमच्या ताटलीत दुप्पट मेल्या होत्या.

अक्काचा चेहरा फुलला. "बघितलात? आमचंच खरं!" आणि इंग्रजीतून जी सुटली, की समोरची माणसं पडद्यात मागे सरकली. शेडचं सांगितलं, पोत्यांचं सांगितलं, टेबलावर मूठ आपटली. कोरियाची एक बारीक चणीची बाई शांतपणे ऐकत होती. तिला अक्का नेहमी 'कोरियाची अक्का' म्हणायची. ती फक्त एवढंच म्हणाली, की पावडर न घालता नुसतं पाणी सळईखाली धरा आणि तेच पेशींवर घालून बघा.

बैठक बंद झाल्यावर अक्कानं खुर्चीला लाथ घातली. "हौली! मला शिकवायलीय! नुसतं पाणी!" हौली म्हणजे दखनीत वेडी. खुर्ची भिंतीवर जाऊन आपटली. तशीच ती सळईकडे गेली आणि नुसतं पाणी लावलं.

दुसऱ्या दिवशी ताटली पाहिली, तर नुसत्या पाण्यानं पेशी मेल्या होत्या.

अक्का तडक सळईकडे गेली. मग तिनं पकड खोलली. फटीत करड्या राखेची बारीक रेघ होती. सळई थरथरली की ती राख कणाकणानं खाली पाण्यात झडायची. अक्कानं बोटावर घेतली, वास घेतला आणि वळली. शिवराज आधीच रडत होता.

तिनं त्याला मारलं. थापडा, बुक्क्या, पाठीत, मानेवर. तो नुसता "अक्का, देवासाठी, अक्का" म्हणत होता. मी मधे पडले तर एक माझ्या कानाखाली बसली. मग ती दमून जमिनीवर बसली, धापा टाकत. "देवासाठी केलास ना? मग देवाला इचार, तो शेडमधल्या बायांना काय सांगनार हाय?"

मालकाला कळलं तेव्हा तो खूश झाला. लॅबमध्ये येऊन खुर्ची ओढून बसला. "गुरम्मा, झालं ते झालं. आपण फेरीतनं बाहेर पडू."

"बाहेर पडलं की फेरी बाद. आधीच दोघं गळाल्यात. एवढ्या लॅब लागतेतच."

"मग बाद. परत कधीतरी करतील. तोवर माल चालू राहतोय की."

"आणि बाया?"

"बायांना काय झालंय? तुझाच आकडा खोटा निघाला."

"माझा खोटा निघाला, म्हणून तर खरा काढायचाय," अक्का म्हणाली. तिचा आवाज वाढला नाही, म्हणून मी घाबरले. "दुप्पट आकड्यावर तुमच्याकडनं मशिन घेतलं असतं तर उद्या कुणी बी फुंकर मारून ते पाडलं असतं. मला दुप्पट नगं. जेवढं हाय तेवढंच पायजे."

"सुम्म कूड!" गप बस, असं मालक तिच्यावर ओरडला. तिनं हातातला चंबू त्याच्या पायाशी फोडला. मालक उठून गेला.

त्याच संध्याकाळी तिनं सगळ्या देशांना कळवलं. आमच्या सळईवर पूजेची राख लागली होती, आमच्याकडून चूक झाली, पुन्हा करू द्या. 'आमच्याकडून' एवढंच लिहिलं, शिवराजचं नाव कुठे घातलं नाही. अडचण होती बाटलीची. एकदा उघडलेली बाटली पुन्हा चालत नाही, आणि आमच्या वाटणीची संपली होती. त्यावर कोरियाच्या अक्कानं आपल्याकडची न उघडलेली एक बाटली पाठवली. सोबत ना टोमणा, ना उपदेश. बाटली आली तेव्हा अक्कानं ती दोन्ही हातांत धरली आणि म्हणाली, "ही हौली चांगली हाय."

इकडे मल्लप्पानं डाव साधला. गुरम्मानं परदेशात लिहून पाठवलंय की आपली विभूती विष आहे, हे तो शेडमध्ये, चहाच्या टपरीवर, गावात सांगत सुटला. मालकाच्या कानावर गेलं. त्यानं अडवलं नाही.

नव्या बाटलीतली पावडर कालवलेलं पाणी पेशींवर घातल्याचा दुसरा दिवस. दुपारी रंग घालून आकडा घ्यायचा होता. सकाळी पाळी बदलताना पन्नासएक माणसं लॅबसमोर जमली. त्यात हमाल होते, बाहेरचे होते, अक्काचा दीरही होता. काठ्या, दगड. कुणीतरी मेन स्विच ओढला. आतलं उबेचं कपाट बंद पडलं. जनरेटरची किल्ली मल्लप्पाच्या खिशात.

अक्का दाराबाहेर येऊन उभी राहिली. मागे शिवराज, त्याच्या मागे मी. 

"विभूतीला विष म्हणलीस?" दीर ओरडला.

अक्कानं पर्समधून डबी काढली. सगळ्यांसमोर तीन बोटं भरली आणि कपाळावर ओढली. "ही हितं. ही माझ्या बापानं लावली, मी मरंन तवा बी लावतील. पन आत न्हाई! देवाला जागा कळती, तुम्हाला कामून कळंना?"

पहिला दगड तिच्या कपाळावरच बसला. विभूतीतून रक्त आलं. ती एक पाऊल मागे गेली आणि दोन पुढे आली. हाताशी आलेल्या माणसाची काठी हिसकावून तिनं त्याच्याच खांद्यावर हाणली. मग सगळेच तुटून पडले. काचा फुटल्या. शिवराज मधे शिरून ओरडायला लागला, "पूजा मी केली! विभूती मी लावली! मला मारा!" आणि त्यांनी त्यालाही मारलं. पोटात लाथा बसताना तो तेच म्हणत होता. ते ऐकून काही जण थबकले. खटकचिंचोळीची माणसं त्याला ओळखत होती. त्यांनीच मग बाकीच्यांना ओढून मागे केलं. मल्लप्पा ओरडत राहिला, पण हात उतरले होते.

तेवढ्या अवधीत अक्का आत गेली. थर्मोकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, त्यावर कापड, कापडावर ताटल्या. मनगटाची आतली बाजू लावून ऊब पाहिली. कलबुर्गीच्या कॉलेजात तिचे जुने सर होते, तिथे रंगाचा आकडा वाचायचं मशिन होतं.

माझा नवरा कंपनीची गाडी घेऊन फाटकापाशी उभा होता. अक्का गाडीकडे येताना पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. "मायी नोकरी जाईन," तो मला हळूच म्हणाला. मी दार उघडलं. "चला जी," अक्काला म्हटलं. 

त्या ताटल्यांचा आकडा बाकीच्यांच्या रांगेत बसला, हे आम्हाला नंतर कळलं. वीज गेल्याचं, दगड पडल्याचं, खोक्यातून नेल्याचं, सगळं अक्कानं कळवलं होतं. देशोदेशीच्या माणसांनी खोदून खोदून विचारलं आणि मग आकडा धरला. फेरी टिकली. पावडर वाईट ठरली, बेतानं वाईट, जेवढी आहे तेवढीच. गिऱ्हाइकांनी मालकाला त्याचा शब्द आठवून दिला. आता शेडमध्ये पोती काचेच्या बंद पेटीत भरली जातात. पेटीला बाहेरून हात घालायचे मोजे आहेत, आणि बायकांच्या पापण्या काळ्याच्या काळ्या राहतात. नवऱ्याला मालकानं बरेच दिवस गाडी दिली नाही, पण काढलंही नाही. अक्काला मात्र परत घेतलं नाही. त्या मारात तिच्या डाव्या डोळ्याची नजर गेली. ती हळ्ळीखेडलाही परतली नाही, लेकीकडे कलबुर्गीला राहिली. मी फोन केला की म्हणायची, "जिती हाय. फोन ठेव, पैसे जळायलेत," आणि स्वतःच ठेवायची. प्रत्यक्ष मी तिला नंतर पाहिलं नाही. शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी.

गाडी निघाली तेव्हा ती पुढच्या सीटवर बसली होती, खोकं मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. झाकण नीट बसत नव्हतं. कपाळातून रक्त गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. माझा नवरा घाबरून जोरात हाकत होता. "हळू, मुडद्या, हळू! पानी हलतंय!" ती ओरडली. मग तिनं मान खिडकीबाहेर काढली. मला वाटलं, ओकारी आली. तसं नव्हतं. खोक्यात थेंब पडू नये म्हणून ती रक्त रस्त्यावर सांडत होती. गाडी कलबुर्गीच्या रस्त्याला वळेपर्यंत मी फाटकापाशी उभी राहून बघत राहिले. धूळ उडत होती, आणि अक्काचं डोकं तसंच बाहेर होतं.